रवण फसली की आधी कोंबड्याला दोष देऊ नका

खुडूक, म्हणजे उबवायला बसू पाहणाऱ्या कोंबडीखाली बारा अंड्यांची रवण ठेवली, एकवीस दिवस वाट पाहिली आणि चारच पिल्ले निघाली, की घरातल्या सर्वांचा राग कोंबड्यावर निघतो आणि पुष्कळदा पुढच्या रविवारी तो रश्श्यात जातो. माझ्याही हातून असा एक कोंबडा गेला. शेजाऱ्यांकडून दुसरा आणला, पुन्हा रवण बसवली आणि पुन्हा तीच गत झाली, तेव्हा कुठे न फुटलेली अंडी फोडून पाहण्याची बुद्धी सुचली. बहुतेकांत बलकावर रक्ताचे बारीक कडे होते, म्हणजेच अंडी सफळ होती आणि जीव धरून पहिल्या काही दिवसांतच मेली होती. वैशाखात चुलीजवळच्या फडताळात अडीच आठवडे साठवलेल्या अंड्यांचे दुसरे काय होणार?

म्हणून पहिली तपासणी कोंबड्याची नव्हे, अंड्याची करावी. आमलेटासाठी ताजे अंडे फोडताना ते आधी बशीत सोडावे आणि बलकावरचा पांढरा ठिपका उजेडात पाहावा. तो लहान, गच्च पांढरा आणि वेड्यावाकड्या कडेचा असेल तर अंडे वांझ आहे. तोच ठिपका थोडा मोठा, गोल आणि बांगडीसारख्या कड्याचा दिसला, तर अंडे सफळ आहे. बलकाजवळ कधी दिसणारा रक्ताचा थेंब मात्र फसवा असतो, कारण तो कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यातही येतो. आठवडाभरात वेगवेगळ्या कोंबड्यांची आठ-दहा अंडी अशी पाहिली, की कळपाचा अंदाज येतो.

कोंबड्याचे वागणे पाहायचे असेल तर उन्हे कलल्यावर, कोंबड्या खुराड्याकडे वळण्याआधी पाहावे, कारण सकाळी बऱ्याच कोंबड्यांच्या पोटात कवच धरलेले अंडे असते आणि त्या वेळच्या मीलनातून अंडी सफळ होण्याचे प्रमाण कमी राहते. जाणता कोंबडा दाणा सापडला की तो चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि घशातल्या घशात कुकुकु करत कोंबड्यांना बोलावतो. मग एक पंख जमिनीला टेकेल इतका खाली सोडून कोंबडीभोवती अर्धवर्तुळात फिरतो. कोंबडी राजी असेल तर अंग दबवून खाली बसते, तो पाठीवर चढून मानेची पिसे चोचीत धरतो आणि दोघांची गुदद्वारे क्षणभर एकमेकांना टेकतात. सगळे काही सेकंदांत उरकते. नंतर कोंबडी उठून पिसे झाडते. पाच-सहा महिन्यांचा नवखा कोंबडा यातले काहीच शिकलेला नसतो, तो नुसता पाठलाग करतो आणि कोंबड्या ओरडत पळतात. त्याला दोन-तीन महिने द्यावेत. पाठीवर चढूनही ज्याचा तोल सतत जातो, त्याचे पाय, तळव्यावरची गाठ आणि पायामागचा वाढलेला काटा तपासावा, आणि गुदद्वाराभोवती उवा-गोचीड आहेत का, हेही पिसे बाजूला सारून पाहावे.

कोंबडी वीर्य आपल्या अंडनलिकेतल्या सूक्ष्म नळ्यांत साठवून ठेवते, ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे बरेच गोंधळ होतात. एका मीलनानंतर साधारण दहा ते चौदा दिवस, कधी त्याहूनही जास्त, सफळ अंडी मिळत राहतात. त्यामुळे कोंबडा काढल्यावर लगेच अंडी वांझ होत नाहीत. नवा कोंबडा सोडल्यावर रवणीसाठी अंडी जमवायला निदान आठवडा थांबावे, आणि पिल्ले नक्की नव्या कोंबड्याचीच हवी असतील, उदाहरणार्थ गावरान काढून कडकनाथ आणला असेल, तर तीन आठवड्यांनंतरचीच अंडी घ्यावीत.

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. चार कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवले तर सफळता वाढत नाही, पाठीची पिसे मात्र जातात. त्यातही मोठ्या कळपात प्रत्येक कोंबड्याच्या काही लाडक्या असतातच, आणि ज्यांची पाठ उघडी पडली असेल त्यांना काही दिवस वेगळे डालून ठेवावे. दोन वर्षांपुढे कोंबड्याचा जोर ओसरू लागतो. शिवाय त्याच्याच मुलींवर त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्याने उबवण घटते आणि पिल्ले दुबळी निघतात, म्हणून दुसऱ्या गावच्या कोंबड्याशी अदलाबदल करण्याची जुनी रीत चांगलीच आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात चांगल्या कोंबड्याचीही वीर्याची प्रत घसरते. सावली आणि दिवसभर गार पाणी ठेवावे, आणि शक्य असल्यास त्या दिवसांत रवणच बसवू नये.

अंडी सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नयेत, गार जागी बोथट टोक वर ठेवून ठेवावीत आणि प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख घालावी. रवण बसल्यावर सातव्या रात्री अंधारात बॅटरीच्या झोतावर अंडी धरावीत: कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर ते अंडे परत कोंबडीखाली जाते, आणि ज्यात अशा शिरा दिसत नाहीत ते बाहेर काढून फोडावे. त्यात रक्ताचे कडे आहे की नुसताच वांझ ठिपका, हे पाहिल्यावरच कोंबडा बदलायचा की फडताळाची जागा, ते ठरवावे.