जेआरएफ लागली, पण पैसे कधी?

जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप. निकाल लागला, पेढे वाटा. खरंच वाटा, कष्ट तुमचे आहेत. पण महिना ३७,००० गृहीत धरून पुण्यात महागडी खोली घेऊ नका. पहिली रक्कम यायलाच काही महिने जाऊ शकतात.

फेलोशिप यूजीसीकडून (विद्यापीठ अनुदान आयोगाकडून) थेट खात्यात येते, हे अर्धंच खरं. दर महिन्याला विद्यापीठाला कॅनरा बँकेच्या पोर्टलवर तुमची पुष्टी करावी लागते. मेकर माहिती भरतो, चेकर ती तपासून पुढे पाठवतो. दोघांपैकी एकाने जरी काम तसंच ठेवलं तरी तुमचा महिना अडकला. आमच्याकडे मेकर म्हणजे एकच लिपिक, त्याच्याकडे परीक्षेचंही काम. त्याची बदली झाली, लॉगिन कोणाकडेच नाही. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत माझ्या खात्यात काहीच आलं नाही. यूजीसीत विचारलं की ‘विद्यापीठाला विचारा’, विद्यापीठात गेलं की ‘वरूनच आलेलं नाही’. मेसच्या काकूंनी वहीत नावापुढे उधारी लिहिली आणि एकदाही तोंडावर मागितली नाही, तेव्हा जास्त लाज वाटली.

म्हणून रुजू होताच मेकर-चेकर कोण ते शोधा, महिन्याच्या सुरुवातीलाच त्यांच्या टेबलापाशी उभे राहा. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या. दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप होताना तीन जणांची समिती बसते. तिच्या तारखेसाठी आधीपासूनच पाठपुरावा करा, विभाग आपणहून काही करणार नाही. थकबाकी येते, माझीही आली. तोवर सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. घरून मिळणं शक्य नसेल तर तासिका तत्त्वावर शिकवण्याच्या भरवशावर बसू नका. तेही पैसे उशिराच येतात, आणि फेलोशिप चालू असताना परवानगीशिवाय बाहेरचं मानधन घेऊ नका.

पीएचडीच्या गाईडबद्दल माझं मत पक्कं आहे: नावापेक्षा वेळ बघा. यूजीसीच्या २०२२च्या पीएचडी नियमांनी प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६ आणि सहायकाला ४ विद्यार्थी अशी मर्यादा घातली. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या असल्यावर उरलेल्यांवर किती भार पडतो, ते विभागात एक चक्कर मारलीत तरी दिसेल. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेले सर नवीन विद्यार्थी घेऊ शकत नाहीत, हेही आधी विचारा.

‘पैसे भरा, आठवड्यात पेपर छापून देतो’ म्हणणाऱ्यांना दारातही उभं करू नका. प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती २०२२ मध्येच गेली. तुमच्या विद्यापीठाची अट वेगळी असू शकते, ती लेखी मागून घ्या.