जुन्या गाडीचा ओटू सेन्सर घरी बदलताय? आधी आट्यांचं बघा

ॲव्हरेज पडला, चेक इंजिनचा दिवा लागला की जो तो म्हणतो ओटू सेन्सर (सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) गेला, टाक बदलून. थांबा की ओ. आधी स्कॅनर लावा, गाडीच्या कॉम्प्युटरनं कुठला बिघाडाचा कोड धरलाय ते तो दाखवतो. पी०१३५ आला तर सेन्सरच्या आतल्या हीटरच्या सर्किटचा घोळ आहे, फ्यूज बघा, मग सेन्सरचा कनेक्टर काढून एकाच रंगाच्या ज्या दोन वायरी असतात त्यांच्यावर मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावा, काहीच रीडिंग नाही आलं तर हीटर गेला, सेन्सर घ्या. नुसता पी०१७१ (पेट्रोलच्या मानानं हवा जास्त) असेल तर मात्र आधी हवा कुठून लीक होतेय ते शोधा, सेन्सर बिचारा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो.

२०१० साली बीएस फोर, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नियम, ज्या १३ शहरांत आधी आलं त्यात आपलं सोलापूर होतं, त्यामुळं इथं असल्या दहा-पंधरा वर्षं जुन्या पेट्रोल गाड्या चिक्कार. माझी २०११ ची. दोन सेन्सर असतील तर पी०१३५ म्हणजे कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीचा, मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळीच्या) बाजूचा. उगाच खालचा काढू नका.

कनेक्टर काढा. लॉक दाबून, वायर ओढून नाही.

आता खरी गंमत. सेन्सर १८ एमएमच्या आट्यांवर बसतो, वर २२ चा नट, आणि इतकी वर्षं सायलेन्सरची आग खाऊन तो तिथं वेल्डिंग केल्यासारखा चिकटतो. पहिल्यांदा मी साधा ओपन पाना लावला, वर पाईप घातला आणि सगळा जोर दिला. दोन कोपरे गोल झाले, तरी मी हट्टाला पेटलेला, शेवटी सेन्सर निघाला पण मॅनिफोल्डचे आटे चमकत्या तारेसारखे त्याला गुंडाळूनच बाहेर आले. मग मॅनिफोल्ड उतरवून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडं. तो नुसता बघून हसला.

म्हणून सांगतो, वायर जाईल अशी फट असलेला २२ चा सेन्सर सॉकेट घ्याच. नसेल आणि सेन्सर मेलेलाच असेल तर वायर सरळ कापा आणि रिंग पाना घाला, ओपन पाना नकोच. आदल्या रात्री, इंजिन गार असताना, आट्यांच्या मुळाशी गंज सोडवायचा स्प्रे मारा. तापलेल्या मॅनिफोल्डवर मारू नका, पेट घेतो. सकाळी इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा. काही जण सांगतात एकदम गार करून काढा, मला नाही पटत, कोमट असताना आटे सुटतात, गार असताना फाटतात. हातमोजे मात्र घाला. आणि मे महिन्यात हे काम सकाळी नऊच्या आत उरका, नंतर आपल्याकडं बॉनेटलासुद्धा हात लावता येत नाही.

सुटायला लागला की एका दमात फिरवायचा मोह होतो. तिथंच चुकतं. पाव फेरा उलटा, थोडा परत सुलटा, जड लागला की थांबा, थोडा गार होऊ द्या, थेंबभर तेल, परत. करकर आवाज म्हणजे आटे ओरडतायत, मागं या. मला आता वीस मिनिटं लागतात, पण लेथवाल्याचं तोंड बघावं लागत नाही.

निघाला की भोक पुसून घ्या, टॉवेलच्या गावात चिंध्यांना तोटा नाही. नवीन सेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट) पातळ लावा, आधीच लावलेला असेल तर परत नको. टोकाला काहीच लागता कामा नये, ना पेस्ट, ना बोट. सिलिकॉन सीलंट तर जवळपाससुद्धा नको, सेन्सर त्यानंच मरतो. सुरुवातीचे फेरे हातानंच, मग साधारण ४० न्यूटन मीटर. पाईप घरातच ठेवा.

कनेक्टर लावताना वायर जुन्या क्लिपांतूनच न्या, मॅनिफोल्डला टेकली तर वितळते. कोड पुसा, होटगी रोडला एक चक्कर मारा आणि स्कॅनरवर व्होल्टेज बघा, ०.१ ते ०.९ मध्ये भराभर वरखाली नाचत असेल तर झालं, एका जागी अडकलं असेल तर कनेक्टर परत बघा, नीट टक् करून बसलेला नसतो.