तान्ह्या बाळाची पाण्याशी ओळख

मी पोहायला शिकले ती मामाच्या विहिरीत. वय सात. आजोबांनी पाठीला वाळका भोपळा बांधला, दोरीचं टोक स्वतःच्या हातात धरलं आणि म्हणाले, "पाय मार." माझी लेक पाण्यात उतरली तेव्हा सात महिन्यांची होती. पुण्यातला छपराखालचा छोटा तलाव आणि ती माझ्या कडेवर. मला वाटत होतं, आजोबांनी मला शिकवलं तसंच मी तिला शिकवणार. तसं नसतं, आणि वर्गाचे पैसे भरण्याआधी हे कळलेलं बरं.

वर्षाच्या आतलं बाळ पोहायला शिकत नाही. चेहऱ्यावर पाणी आलं की ते क्षणभर श्वास रोखतं, पालथं धरलं की हातपाय मारतं. ते पाहून "बाळं उपजतच पोहतात" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. पण ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. डोकं वर काढून श्वास घेणं त्या वयात जमतच नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं, की 1 ते 4 वर्षांच्या मुलांना पोहायला शिकवल्यास बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो. वर्षाच्या आतल्या बाळांबाबत मात्र तसा पुरावा नाही. म्हणून "सहा महिन्यांत बाळ स्वतःला वाचवेल" असं कुणी सांगत असेल, तर तिथून उठून या. मग न्यायचं कशाला? पाण्याची भीती बसू नये म्हणून. आणि त्या वीस मिनिटांत बाळ आपल्याला जसं बिलगतं, त्यासाठी.

सुरुवात घरच्या अंघोळीपासून करा. डोक्यावर पाणी घेताना माझी लेक किंचाळायची. मग मी तांब्या उचलायच्या आधी रोज एकाच सुरात "एक, दोन, तीन" म्हणायला लागले आणि पाणी आधी पाठीवर, मग मानेवर, शेवटी टाळूवर असं सोडत गेले. तिसऱ्या आठवड्यात "तीन" म्हटलं की ती आपणहून डोळे मिटून घ्यायची. पुढे तलावात हेच कामी आलं.

बाळाला स्वतःची मान पक्की धरता यायला हवी. आम्ही बसता येईपर्यंत थांबलो. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, कान फुटत असेल, हृदयाची तक्रार असेल किंवा त्वचेवर चट्टे उठत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

वर्ग शोधताना सगळं अडतं ते पाण्याच्या तापमानावर. "पाणी गरम असतं का?" विचारलं तर सगळीकडे "हो मॅडम" असंच उत्तर येतं. "आज सकाळी किती अंश होतं?" असं विचारा. सहा महिन्यांखालच्या बाळाला 32 अंश हवं, असा ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे. मोठ्या बाळालाही मी 30च्या खाली नेणार नाही. मी बाळाच्या टबातला थर्मामीटर पर्समध्ये घेऊन फिरले. एका ठिकाणी 27 भरलं. मोठ्या माणसाला ते छान वाटेल, पण वजनाच्या मानाने बाळाची त्वचा खूप जास्त असते, त्यामुळे ते झपाट्याने गार पडतं. उघड्यावरचा तलाव पुण्याच्या डिसेंबरात तर नकोच.

दुसरी खूण वासाची. नाकात झोंबणारा वास म्हणजे स्वच्छता, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळलं की तो वास सुटतो. चांगल्या तलावाला वास फार कमी असतो आणि तळाच्या फरशा लख्ख दिसतात. क्लोरीन आणि पीएचची (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्या मापाची) नोंदवही दाखवा म्हणा; पीएच 7.2 ते 7.8 असावा.

पैसे भरण्याआधी एक पूर्ण वर्ग काठावर बसून बघा, बाळाला न घेता. एका ठिकाणी प्रशिक्षक रडणाऱ्या बाळांना एकामागून एक पाण्याखाली बुडवून काढत होते आणि आयांना "सवय होते" असं सांगत होते. मी तिथे लेकीला नेलं नाही. तान्हं बाळ अशाने बरंच पाणी गिळतं, रक्तातलं सोडियम घसरतं. उलट्या, ग्लानी, झटके इथवर जाऊ शकतं. गळ्यात अडकवायच्या फुग्याच्या रिंगाही नकोत. त्यांच्याविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 मध्ये इशारा दिला आहे.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे. पुढे वीस, आणि वर्षाच्या आत तिसाच्या वर नाहीच. दूध पाजून तासभर झालेला असावा. बाळ भुकेलंही नको आणि पोट डब्बही नको. साधा डायपर पाणी पिऊन फुगतो, म्हणून पोहण्याचा वेगळा घ्या. तो शी अडवतो, शू नाही. जुलाब झाले असतील तर थांबल्यावरही दोन दिवस जाऊ नका. बाळाला काखेत धरून तोंड आपल्याकडे ठेवा, खांदे पाण्याखाली राहू द्या. घरी अंघोळीला म्हणता तेच गाणं म्हणा. ओठ निळसर झाले, हुडहुडी भरली किंवा बाळ गप्प झालं की लगेच बाहेर. रडलं तरी बाहेर. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघता येतं. काठावर मऊ पंचा आणि टोपीचा टॉवेल उघडून तयार ठेवा. मग साध्या पाण्याने अंघोळ, अंगाला तेल, दूध. आमची लेक त्या दिवशी दोन तास झोपायची.

आणि घरी परतल्यावर बाथरूममध्ये एकदा डोकवा. आमच्याकडे पाणी येत नाही म्हणून रात्री बादल्या भरून ठेवायची पद्धत होती. रांगतं बाळ बादलीत वाकलं की तोल डोक्याकडे जातो, आणि वितभर पाण्यातही ते आवाज न करता बुडतं. सासूबाईंशी बोलून आम्ही बादल्या बंद केल्या, झाकणाचं पिंप आणलं आणि दाराला बाहेरून, वरच्या बाजूला कडी लावून घेतली.