रॉक-मेटलसाठी गिटारचे पिकअप (तारांची कंपनं पकडून अँपकडे पाठवणारे चुंबक-कॉइलवाले भाग) बदलताय?
आधी फक्त ब्रिजचा, म्हणजे तारा जिथे बॉडीवर टेकतात त्या टोकाजवळचा बदला, डिस्टॉर्शनवर (फाटलेल्या आवाजावर) रिफ, म्हणजे परत परत येणारे तुकडे वाजवताना बहुतेक तोच चालू असतो, नेकचं (गिटारच्या मानेजवळच्याचं) नंतर बघू. हार्ड रॉक आणि जुनं मेटल असेल तर सेमूर डंकनचा जेबी नाहीतर डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन घ्या, हा दुसरा सिरॅमिक मॅग्नेटवाला, १९७० च्या दशकापासून चालतोय आणि अँप लवकर ड्राइव्हमध्ये जातो, म्हणजे आवाज फाटायला लागतो. एकदम घट्ट पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून काढलेले दबके सूर) हवेत तर ईएमजी ८१, पण तो अ‍ॅक्टिव्ह आहे, म्हणजे बॅटरीवर चालतो, ९ व्होल्टची बॅटरी गिटारमध्ये मावेल का ते आधी बघा आणि पॉटपण (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे भाग) २५ केचे, म्हणजे २५ किलोओहमचे लागतात. पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीच्या हमबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ५०० केचे. आणि नुसता पिकअपच्या रेझिस्टन्सचा किलोओहमचा आकडा बघून घेऊ नका राव, आकडा मोठा म्हणजे दणका मोठा असं नसतं, मॅग्नेट आणि कॉइलच्या तारेची जाडीपण बघावी लागते.