लहान व्यावसायिकांना राज्याची अर्थस्थिती कशी वाटते? पाहणी घेण्याची रीत

‘सध्या राज्यात धंद्याची परिस्थिती कशी आहे?’ हा प्रश्न शंभर दुकानदारांना विचारला तर शंभर उत्तरं मिळतात. त्यांतली बरीचशी सकाळच्या बातम्यांतून आलेली असतात. पण त्याच माणसाला ‘गेल्या तीन महिन्यांत तुमची विक्री वाढली, तेवढीच राहिली की घटली?’ असं विचारलं, तर तो स्वतःच्या गल्ल्याकडे बघून उत्तर देतो. म्हणून आर्थिक परिस्थितीचं चित्र धंद्यावरच्या उत्तरांतून उभं करावं. राज्याविषयीचं मत जरूर विचारावं, पण ते मनःस्थितीचं माप म्हणून वाचावं. पुढचं सगळं व्यापारी संघटना, पतसंस्था किंवा महाविद्यालयाचा अर्थशास्त्र विभाग यांना दर तिमाहीला स्वतः पाहणी करता यावी, अशा बेताने लिहिलं आहे.

आधी व्याख्या, मग यादी

‘लहान’ म्हणजे काय हे कागदावर लिहून घ्या: कामगारांच्या संख्येवरून की उलाढालीवरून, आणि वरची मर्यादा कोणती. एकटा मालक, एकही नोकर नाही, असे व्यवसाय धरायचे की नाही हेही आधीच ठरवा. त्यांची संख्या प्रचंड असते आणि त्यांची उत्तरं दहा कामगार असलेल्यांपेक्षा फार वेगळी येतात. ‘राज्यातला व्यवसाय’ याचाही खुलासा हवा. सीमेलगतच्या व्यावसायिकाची नोंदणी एका राज्यात आणि निम्मं गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं असू शकतं. काम जिथे चालतं ते राज्य धरणं सोयीचं. मात्र ‘तुमच्या विक्रीतला किती भाग राज्याबाहेर जातो?’ हा एक प्रश्न जोडावा, नाहीतर शेजारच्या राज्यातली मंदी तुमच्या आकड्यांत शिरते आणि कळतही नाही.

नावं कुठून घ्यायची? संघटनेची सभासद यादी हाताशी असते, पण तिच्यात जुने, स्थिरावलेले, थोडे मोठे व्यवसाय जास्त असतात. सरकारी नोंदणीची यादी व्यापक असते, पण बंद पडलेल्या धंद्यांनी भरलेली असते. तिसरा मार्ग म्हणजे निवडक बाजारपेठांत फिरून दुकानं-कारखाने मोजणं. कष्टाचा आहे, पण नोंदणी नसलेले व्यवसाय फक्त इथेच सापडतात. जमल्यास दुसरी आणि तिसरी यादी जोडून वापरा.

संख्येचा हिशेब उलटा करायचा असतो. 300 पूर्ण उत्तरं हवी आहेत आणि चारातला एकच उत्तर देईल असा अंदाज असेल, तर 1200 चालू संपर्क लागतात. पाचातला एक क्रमांक मेलेला निघणार असेल तर 1500 नावांपासून सुरुवात करा.

प्रश्नपत्रिका

दूरध्वनीवर आठ ते दहा मिनिटं, बारा ते चौदा प्रश्न. याहून लांबलं की मालक फोन मुनीमजीकडे देतो आणि पुढची उत्तरं निरुपयोगी होतात. उत्तर मालकाचंच हवं.

पहिला गट मोजता येणाऱ्या गोष्टींचा: विक्री, विक्रीचे भाव, कामगारसंख्या, शिल्लक माल, गिऱ्हाइकांकडून येणं वसूल व्हायला लागणारा वेळ, कर्ज मिळण्यातली अडचण. प्रत्येकाला तीनच पर्याय द्या: वाढ, तेवढंच, घट. त्याच गोष्टी पुढच्या तीन महिन्यांसाठी पुन्हा विचारा. पाच पर्यायांची पट्टी दिसायला नेमकी, पण ‘थोडी वाढ’ आणि ‘चांगली वाढ’ यांतली रेघ प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी ओढतो.

विक्रीच्या प्रश्नात दोन ठिकाणी हमखास गफलत होते. पहिली महागाईची. भाव दहा टक्क्यांनी वाढले आणि माल पाच टक्के कमी गेला, तरी पैशांत विक्री वाढलेलीच दिसते. म्हणून ‘किती नग, किती कामं’ आणि ‘किती रुपये’ हे दोन वेगळे प्रश्न करा. दुसरी हंगामाची. सणानंतरच्या तिमाहीत बहुतेक सगळेच ‘घट’ म्हणणार. त्यासाठी ‘या दिवसांत नेहमी होते तिच्या तुलनेत’ असे शब्द घालता येतात किंवा ‘गेल्या वर्षी याच महिन्यांच्या तुलनेत’ असं विचारता येतं. दोन्ही चालतील, पण एक निवडा आणि तोच कायम ठेवा. गणिताने हंगाम काढून टाकायचा तर निदान तीन वर्षांच्या सलग नोंदी लागतात. तोवर या तिमाहीची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करणं उत्तम.

यानंतर मताचे प्रश्न, तीन पायऱ्यांनी: तुमचा व्यवसाय, तुमच्या क्षेत्रातले इतर, संपूर्ण राज्य. स्वतःच्या धंद्याबद्दलचं उत्तर राज्याबद्दलच्या उत्तरापेक्षा बरं येणं ही नेहमीची गोष्ट आहे. ते अंतर वाढतं की घटतं, हीच त्या प्रश्नाची खरी कमाई. प्रश्नांचा क्रम उत्तरावर परिणाम करतो. आधी स्वतःचा धंदा विचारला की राज्याबद्दलचं मत त्याच्याकडे झुकतं. पहिल्या फेरीत निम्म्या लोकांना उलट क्रमाने विचारून झुकाव किती आहे ते मोजा, आणि मग क्रम कायमचा बांधून टाका.

शेवटी ‘सध्याची सगळ्यात मोठी एकच अडचण कोणती?’ हा प्रश्न ठेवा. मागणी कमी, मालाची किंवा वीज-इंधनाची किंमत, कुशल माणसं न मिळणं, कर, परवाने-तपासण्या, कर्जाचं व्याज, मोठ्या कंपन्यांची स्पर्धा, थकलेली येणी. उत्तर एकच घ्या, आणि पर्यायांचा क्रम दर फोनला बदला, कारण ऐकणाऱ्याला शेवटचे पर्याय जास्त लक्षात राहतात. दोन-तीन पर्यायांची मुभा दिलीत तर सगळेच सगळ्यावर नाराज दिसतात. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय वाचून दाखवू नये, पण कुणी तसं म्हटलं तर वेगळं नोंदवावं. त्याचं प्रमाण एकाएकी वाढलं तर तीही बातमी असते.

पंधरा-वीस जणांवर आधी चाचणी घ्या. ज्या प्रश्नावर ‘म्हणजे?’ असं विचारलं जातं, तो पुन्हा लिहा.

फोन कधी, कुणाला, कितीदा

प्रत्येक फेरीसाठी दहा-बारा दिवसांची खिडकी ठरवा आणि प्रत्येक उत्तरावर तारीख टाका. मध्येच अर्थसंकल्प, निवडणुकीचा निकाल किंवा करबदल आला तर आधीची आणि नंतरची उत्तरं वेगळी काढता आली पाहिजेत. हे किरकोळ नाही. अमेरिकेतली नॅशनल फेडरेशन ऑफ इंडिपेंडंट बिझनेस ही संघटना 1986 पासून दर महिन्याला छोट्या व्यावसायिकांचा आशावाद निर्देशांक काढते. 2016 च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर डिसेंबरमध्ये तो एका महिन्यात 98.4 वरून 105.8 वर गेला. एका महिन्यात धंदे इतके सुधारत नाहीत. अपेक्षा उसळल्या होत्या.

न उचललेल्या क्रमांकावर वेगवेगळ्या वेळी निदान चार प्रयत्न करा. गर्दीच्या तासांत फोन केला तर ज्यांचा धंदा जोरात आहे तेच गळतात आणि निकाल विनाकारण उदास येतो. लवकर उत्तर दिलेले आणि चौथ्या प्रयत्नात सापडलेले यांची उत्तरं शेजारी मांडा. फरक मोठा असेल तर न सापडलेल्यांबद्दल सावध राहा.

तेच व्यवसाय फेरीमागून फेरी ठेवले तर बदल नेमका टिपता येतो, पण एक दोष हळूहळू चढत जातो: बंद पडलेले गळतात, तगलेले उरतात आणि चित्र गोड होत जातं. उपाय दोन. दरवर्षी चौथा हिस्सा नवा घ्या, आणि फोन बंद लागला की ‘धंदा बंद, स्थलांतर की फक्त क्रमांक बदलला’ हे शोधून नोंदवा. बंद पडलेल्यांचा आकडा अहवालात स्वतंत्र द्या.

आकडेमोड

निव्वळ फरक म्हणजे ‘वाढ’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा ‘घट’ म्हणणाऱ्यांची. 30 टक्के वाढ, 50 टक्के तेवढंच, 20 टक्के घट, तर निव्वळ फरक +10. काही पाहण्या ‘वाढ’ अधिक ‘तेवढंच’च्या निम्मे असा डिफ्यूजन निर्देशांक देतात. तो इथे 55 येतो आणि त्याची मधली रेघ 50 असते. माहिती तीच, फक्त पट्टी वेगळी. दोन्हींची सरमिसळ करून तुलना करणारे लेख बरेच दिसतात, तेवढं टाळा. आणि +10 म्हणजे विक्री दहा टक्के वाढली असं नव्हे. किती जणांची वाढली हे कळतं, किती वाढली हे नाही.

खरी गडबड भारांकनात होते, म्हणजे प्रत्येक गटाच्या उत्तरांना राज्यातल्या त्याच्या खऱ्या वाट्याइतकं वजन देण्यात. समजा राज्यातल्या लहान व्यवसायांत व्यापार 60, सेवा 25 आणि उत्पादन 15 टक्के आहे. तुमच्या 300 उत्तरांत मात्र व्यापारी 120, सेवा 90, उत्पादक 90 आले, कारण कारखानदार फोनवर सहज सापडले. निव्वळ फरक अनुक्रमे −12, +8, +20. सरळ सरासरी काढली तर +3.6, म्हणजे सुधारणा. राज्यातल्या खऱ्या प्रमाणाने भार दिला (व्यापाराला 1.5, सेवांना 0.83, उत्पादनाला 0.5) तर −2.2. चिन्हच उलटलं! आकारमानानुसारही हेच करावं लागतं.

पण −2.2 हीसुद्धा ‘घसरण’ नव्हे. साधा यादृच्छिक नमुना (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा) धरला आणि वरची 30-50-20 अशी विभागणी घेतली, तर 300 उत्तरांवर निव्वळ फरकाची चूकमर्यादा (खरा आकडा दोन्ही बाजूंना किती सरकलेला असू शकतो ते) 95 टक्के खात्रीने सुमारे ±8 असते. 100 उत्तरांवर ती ±14 च्या जवळ जाते. भार दिल्यावर थोडी आणखी वाढते. दोन फेऱ्यांत वेगवेगळे 300 व्यवसाय असतील तर साधारण 11 अंकांहून लहान बदलाबद्दल मथळा करू नये. तेच व्यवसाय असतील तर मर्यादा आखडते. एखाद्या जिल्ह्यातून 30 उत्तरं आली असतील तर ±25 च्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. तो जिल्हा शेजारच्यांत मिळवा. चार-पाच उत्तरांचा गट तर छापूच नये, त्यातून व्यवसाय ओळखू येतात.

मांडणी

सद्यस्थिती आणि अपेक्षा यांचे आकडे वेगळे छापा. अपेक्षा वर आणि सद्यस्थिती खाली असं बऱ्याचदा दिसतं, आणि एकच एकत्रित आकडा दिला की ते झाकलं जातं. सोबत प्रश्नाचे नेमके शब्द, उत्तरांची संख्या, तारखा, भार कसे दिले आणि ‘सांगता येत नाही’चं काय केलं, हे अर्ध्या पानात द्या.

चार-पाच फेऱ्या झाल्या की तुमचा विक्रीचा निव्वळ फरक राज्याची करवसुली, औद्योगिक वीजवापर आणि नव्या नोंदण्या यांच्या आलेखांशेजारी ठेवून बघा. वसुलीचे आकडे उशिरा येतात आणि नंतर सुधारले जातात, त्यामुळे दर वेळी ताजी मालिका घ्या. कामगारसंख्येचं उत्तर विक्रीच्या मागून हलतं, कारण लहान मालक माणूस घ्यायला आणि काढायला दोन्ही वेळा बिचकतो. त्या दोघांनी एकाच फेरीत एकत्र उडी मारली असेल तर आधी नोंदवलेली उत्तरं पुन्हा तपासा: फोन करणारा कुणी नवा तर नव्हता ना?