पात्रांची स्केचेस: कोणती पेन्सिल, कुठे आणि किती दाबून

बारा पेन्सिलींचा डबा दिसायला झकास असतो, पण माणसांची आणि पात्रांची स्केचेस करणाऱ्याच्या हातात त्यातल्या तीन-चारच झिजतात. त्यामुळे सुट्या घ्या: एक एचबी, दोन २बी (हीच सगळ्यात आधी संपते), एक ४बी आणि एक फिकट निळी. ६बी नंतर बघू.

शिशात मातीचं प्रमाण जास्त असेल तर ते कडक होतं आणि रेघ फिकट उमटते, ती एच. ग्रॅफाइट जास्त असेल तर मऊ आणि काळी, ती बी. मात्र हे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. एकीची २बी दुसरीच्या ४बीइतकी गडद निघू शकते. अप्सरा, नटराज, कॅमलिन, स्टेडलर यांपैकी काहीही वापरा, पण एका चित्राला एकाच कंपनीच्या पेन्सिली ठेवा.

कच्च्या आखणीला फिकट म्हणून २एच घेण्याची सवय बऱ्याच जणांना असते. ती सोडा. कडक टोक कागदात बारीक चर पाडतं. खोडल्यावर काळेपणा जातो, चर तसाच राहतो, आणि नंतर वरून ४बी आडवी फिरवली की पात्राच्या गालावरून पांढऱ्या रेघा उठतात. त्यावर इलाज नाही. एचबी हलक्या हाताने चालवली तर तेवढीच फिकट रेघ मिळते आणि कागद शाबूत राहतो.

हलका हात हा बराचसा पकडीवर असतो. लिहिताना धरतो तशी पेन्सिल धरली की बोटं चालतात, रेघा तुटक आणि केसाळ होतात. कच्च्या आखणीत पेन्सिल टोकापासून आठ-दहा सेंटिमीटर मागे, तळहाताखाली आडवी धरा आणि हात खांद्यापासून फिरवा. लिहायची पकड डोळे, ओठ, बोटं यांच्यासाठी राखून ठेवा. आडव्या पकडीला लांब टोक लागतं, ते साध्या शार्पनरने होत नाही. ब्लेडने लाकूड दोन-अडीच सेंटिमीटर उतरतं तासा आणि एचबी, २बीचं शिसं ८ ते १० मिलिमीटर उघडं ठेवा. ४बीला ५-६ पुरे, नाहीतर मोडतं. टोक तासताना सारखं निखळत असेल तर पेन्सिल कधीतरी खाली पडून शिसं आतून तुटलेलं असतं. ब्लेडला दोष देऊ नका.

कच्ची आखणी निळ्या पेन्सिलीने करायची चाल अॅनिमेशन आणि छपाईच्या कामातली. छपाईच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मवर फिकट निळा उमटतच नसे. आता स्कॅन केल्यावर तो रंग संगणकावर वेगळा काढून टाकता येतो. नेहमीची मेणाळ रंगीत पेन्सिल मात्र नीट खोडली जात नाही आणि दाबली तर वरून ग्रॅफाइट घसरतं. खोडता येणारी निळी किंवा यांत्रिक पेन्सिलीत घालायची ०.७ मिलिमीटरची निळी शिसं घ्या.

सरावाला ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) झेरॉक्सचा कागद उत्तम. पक्क्या चित्राला १३० ते १५० जीएसएमचा, फार खरखरीत नसलेला कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाड कागद) घ्या. खरखरीत कागदावर छोट्या चेहऱ्यातला डोळा ठिपक्यांत विरून जातो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कागद दमट होतो आणि खोडताना त्याचे तंतू उठतात. ताव प्लॅस्टिकच्या पिशवीत, वजनाखाली सपाट ठेवा.

आता एक पात्र घेऊ: डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण, टोपली सोडून उंची २० सेंटिमीटर. खरं माणूस साधारण सात-साडेसात डोक्यांइतकं उंच असतं. त्या हिशेबाने डोकं तीन सेंटिमीटरही भरणार नाही, हावभावाला जागा उरणार नाही. पात्र पाच डोक्यांचं ठरवा, म्हणजे चेहऱ्याला ४ सेंटिमीटर मिळतात आणि बाई ठसठशीतही दिसते.

निळ्याने आधी एक उभी रेघ: टोपलीचा मध्य, मान आणि भार पेलणारा पाय जवळपास तिच्यावरच हवेत. मान तिरकी झाली की टोपली पडणार असं वाटतं. ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर. टोपलीला लावलेल्या हाताचा खांदाही वर. डोळ्यांची रेघ डोक्याच्या मधोमध येते. नवशिके ती हमखास वर चढवतात आणि कपाळ गायब होतं. लुगड्याच्या चुण्या समांतर काढू नका. त्या ताणाच्या जागेवरून निघतात: कमरेची गाठ, मागे खोचलेला कासोटा, पुढे आलेला गुडघा.

इथे थांबून कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा. सरकलेला डोळा, वाकडा जबडा लगेच दिसतो. दुरुस्ती करून पुट्टी रबराचा (कणकेसारखं मळता येणारं मऊ खोडरबर) गोळा चित्रावरून लाटा, घासू नका. आखणी फिकट होते, पुसत नाही.

मग २बी. टोपलीच्या बुडाची, हनुवटीखालची, दोन पायांमधली रेघ जाड. उजेडाकडची बारीक, मध्येच सोडून दिलेली. सगळीकडे एकसारखी कडा ठेवली की पात्र कात्रणासारखं चिकटवलेलं दिसतं.

छटा तीनच: कोरा कागद, मधली, गडद. गडद ४बी केसांत, टोपलीच्या सावलीत आणि कासोट्याच्या आतल्या घडीत. एकदम दाबून काळं केलं तर ग्रॅफाइट चकाकतं आणि फोटोत राखाडी येतं. दोन-तीन हलके थर वेगवेगळ्या दिशांनी द्या. बोटाने पसरवू नका, त्वचेचं तेल कागदात उतरून डाग पडतो. कागदी स्टंप (घट्ट गुंडाळलेल्या कागदाची टोकदार कांडी) वापरा आणि तळहाताखाली कोरा कागद ठेवा.

शेवटी फिक्सेटिव्ह (ग्रॅफाइट पुसलं जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) ३० सेंटिमीटरवरून, खिडकी उघडी ठेवून, दोन पातळ फवारे. एकच जाड फवारा दिला तर कागद ओला होऊन डाग राहतो. स्कॅन त्याआधीच करून घ्या, कारण नंतर रबर नीट चालत नाही.