वास चांगला येतो म्हणून अन्न चांगलं असेलच असं नाही: स्वयंपाकघरातल्या या चुका टाळा

घरात कुणाचं पोट बिघडलं की पहिला संशय बाहेरच्या खाण्यावर जातो. माझाही जायचा. एकदा सकाळच्या नाश्त्यानंतर दोन-तीन तासांत घरातल्या चौघांपैकी तिघांना उलट्या सुरू झाल्या. त्याआधी कितीतरी दिवस कुणीच बाहेर काही खाल्लं नव्हतं. तिघांनी खाल्ला होता तो रात्रीचा उरलेला भात, परतून चांगला गरम केलेला. चौथ्याने तो घेतला नव्हता. भाताचं पातेलं रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेलं होतं. सकाळी झाकण काढलं तेव्हा वास चांगला, चव चांगली, शीत न् शीत मोकळं. 'भाताने कसं होईल?' असं मी त्या दिवशी कितीतरी वेळ म्हणत होते.

भातानेच होतं. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, असू शकतात. ते भात शिजतानाही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी भात गरम केल्यावर जिवाणू मरतील, पण उलट्या करवणारं हे विष उष्णतेला दाद देत नाही. १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवूनही ते टिकतं, म्हणजे प्रेशर कुकरलाही ते पुरून उरतं. म्हणून 'उकळी आणली की सगळं मरतं' हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. तो आपल्याला निर्धास्त करतो.

वासाचंही तसंच. अन्न आंबवणारे, नासवणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू बहुतेक वेळा वेगळे. पहिले वास, चिकटपणा अशी खूण देतात, दुसरे काहीच कळू देत नाहीत. वास वाईट आला तर अन्न टाकून द्यायचंच. पण वास आला नाही एवढ्यावरून ते खाण्याजोगं ठरत नाही.

पातेलं ओट्यावरच गार व्हायला ठेवणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा आहे. शिजवलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. उन्हाळ्यात खोलीतला पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच धरा. अनुकूल वातावरणात काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या वेगाने एकाचे सात तासांत वीस लाखांहून जास्त होतात, आणि आपण रात्री झोपतो साधारण तेवढाच वेळ.

मोठ्या भांड्यात अडचण आणखी वाढते. रात्री गॅस बंद केलेलं आमटीचं किंवा रश्श्याचं मोठं पातेलं सकाळी बाहेरून हाताला गार लागतं. पण डाव मध्यभागी तळापर्यंत घालून वर काढा, तो कोमट निघतो. वरचा थर गार झाला म्हणून आपण सगळंच गार झालं समजतो, आणि मधला भाग मात्र रात्रभर धोक्याच्या पट्ट्यात राहिलेला असतो. त्यातून दाट, खोल पातेल्याच्या तळाशी हवा पोचत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूला नेमकी तशीच जागा लागते.

उपाय अगदी साधा आहे. जेवणं झाली की उरलेलं अन्न पसरट डब्यांत काढा, थर दोन इंचांपेक्षा जाड नको. घाई असेल तर डबा गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा. वाफ ओसरली की थेट फ्रीजमध्ये. 'गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवू नये' हे रटरटत्या मोठ्या पातेल्याबद्दल बरोबर आहे, कारण ते शेजारच्या वस्तूही गरम करतं. कोमट झालेल्या लहान डब्यांना ते लागू नाही. भात तर तासाभरात गार करून आत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. पुन्हा गरम करताना एकदाच, आणि मधूनही वाफ येईपर्यंत.

फ्रीज आहे म्हणून निश्चिंत राहणं

दूध दोन दिवसांत फाटतंय, कोथिंबीर काळी पडतेय, तर आधी फ्रीजचं तापमान बघा. आत ते ५ अंशांच्या खाली हवं, फ्रीझरमध्ये उणे १८. बटणावरचे १ ते ५ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत. बहुतेक फ्रीजमध्ये आकडा मोठा तेवढा गारवा जास्त. साधा थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा, सकाळी खरं काय ते कळतं. आकडा जास्त आला तर दोन गोष्टी तपासा. एक, फ्रीज इतका ठासून भरलाय का की गार हवा फिरायलाच जागा नाही? दुसरी, दाराचं रबर. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झालंय.

दूध दाराच्या कप्प्यात ठेवू नका, दार उघडलं की पहिली गरम हवा तिथेच लागते. कच्चं मांस, मासे झाकलेल्या डब्यात सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही. गोठलेलं मांस ओट्यावर ठेवून सैल करू नका, आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवा. आणि फ्रीज जिवाणूंना मारत नाही, फक्त त्यांची वाढ मंदावतो. गरोदरपणात विशेष धोक्याचा असलेला लिस्टेरिया हा जिवाणू तर फ्रीजमध्येही हळूहळू वाढतो. घरात गरोदर बाई असेल तर तीन-चार दिवसांचं शिळं तिला देऊच नका.

कच्चं चिकन नळाखाली धुणं

ही सवय सुटायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण न धुता शिजवणं मनाला पटेना. पण धुतल्याने कच्च्या चिकनवरचे कॅम्पायलोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जिवाणू निघून जात नाहीत. पाण्याच्या तुषारांबरोबर ते सिंकच्या कडेवर, शेजारी निथळत ठेवलेल्या ताटांवर आणि चिरायला काढलेल्या काकडीवर उडतात. ते मरतात ते शिजवल्यावर, मांसाच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश तापमान पोचल्यावर. धुतल्याशिवाय राहवतच नसेल तर नळाखाली नको, पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि लगेच सिंक साबणाने घासा. त्याच सुरीने, त्याच पाटावर सॅलड चिरू नका. पाटावर खोल चरे पडले असतील तर तो बदला, चऱ्यांतली घाण घासणीने निघत नाही.

एकच फडकं सगळीकडे

ओटा पुसायचा, गरम भांडं धरायचं, हात पुसायचे, ताट कोरडं करायचं, सगळं एकाच फडक्याने. त्याला कुबट वास यायला लागला म्हणजे ते कितीतरी तास ओलं राहिलं आहे. हाताचं, ओट्याचं आणि भांड्यांचं फडकं वेगळं ठेवा, रोज कडक गरम पाण्यातून काढा आणि पूर्ण वाळू द्या. घासणीही सिंकमध्ये पाण्यात पडू देऊ नका.

दोन जंतुनाशकं एकत्र करणं

इथे मात्र चूक लगेच जिवावर बेतू शकते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट साफ करायचं आम्लयुक्त द्रव मिसळलं की क्लोरिन वायू सुटतो. अमोनियाच्या द्रवाबरोबरही विषारी वायू तयार होतो. चुकून असं झालंच तर तिथे साफ करत बसू नका. बाहेर या, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. ओट्यासाठी आधी साबणाने तेलकटपणा काढा, मग एकच जंतुनाशक लावा आणि बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ ते राहू द्या. फवारून लगेच पुसलं तर ते काम करत नाही.

राजमा अर्धकच्चा ठेवणं

कच्च्या राजम्यातल्या लेक्टिनमुळे काही तासांतच जोरदार उलट्या होतात. निदान पाच तास भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग मऊ शिजवा. मंद आचेच्या कुकरमध्ये (स्लो कुकर) कच्चा राजमा थेट घालू नका, तिथे पुरेशी उष्णताच मिळत नाही.

त्रास झालाच तर

शेवटच्या जेवणालाच दोष देऊन मोकळे होऊ नका. आमच्या भातासारख्या विषाने एक ते सहा तासांत उलट्या होतात. साल्मोनेलाचा त्रास सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही सुरू होतो, कॅम्पायलोबॅक्टरचा साधारण दोन ते पाच दिवसांनी. आठवडाभरात घरात काय काय खाल्लं, कुणी खाल्लं आणि कुणी नाही, ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. थोडं थोडं ओआरएस पाजत राहा. शौचातून रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणं, पाणीही न टिकणं, यातलं काहीही दिसलं, किंवा आजारी माणूस तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा वयस्कर असेल, तर घरगुती उपायांत एक रात्रही घालवू नका.